डिस्क घ्यायची की डाउनलोड? गेम वीस वर्षांनी पण चालावा म्हणून काय काय करायचं

उबीसॉफ्टचा 'द क्रू' हा रेसिंग गेम २०१४ ला आला, डिस्कवर पण होता आणि डाउनलोड पण. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं त्याचे सर्व्हर बंद केले आणि त्या दिवसापासून दोन्ही कॉप्या सारख्याच निकामी झाल्या, म्हणजे ज्यांनी दुकानातून बॉक्स आणला होता त्यांचा पण गेम सुरू होईना, कारण एकट्यानं खेळायचं असलं तरी त्याला सर्व्हर लागायचाच. पुढे काही दिवसांत लोकांच्या अकाउंटमधून त्याचं लायसन्स पण काढून घेतलं. आता याच्या उलट गॉग नावाच्या स्टोअरवरून घेतलेला एखादा जुना सिंगल प्लेअर गेम बघा. बॉक्स नाही, डिस्क नाही, नुसती डाउनलोड केलेली इन्स्टॉलर फाइल, पण ती नेट नसलेल्या कॉम्प्युटरवर टाका, गेम चालतो. उद्या ते स्टोअर बंद पडलं तरी तुमच्या हार्ड डिस्कवरची फाइल कुठे जात नाही.

त्यामुळे 'डिस्क म्हणजे आपली, डिजिटल म्हणजे भाड्याची' हे जे सगळीकडे ऐकू येतं ते मला अर्धवट वाटतं. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: हा गेम सुरू होताना कुणाची परवानगी मागतो? कुणाचीच नाही मागत, तर तो तुमचा. स्टोअरची, अकाउंटची, सर्व्हरची मागत असेल तर ती परवानगी देणारा जोपर्यंत आहे तोपर्यंतच तुमचा, मग कपाटात बॉक्स असो वा नसो. खाली जे सांगतोय ते सगळं या एका प्रश्नाभोवती आहे.

पायरी १: घरात काय काय आहे त्याची यादी

एक साधी एक्सेल शीट करा किंवा वहीत लिहा, चालेल. गेमचं नाव, कुठल्या मशीनवर, डिस्क की डाउनलोड, कुठल्या अकाउंटवर, डीएलसी (म्हणजे नंतर वेगळा डाउनलोड करायचा जादा भाग) आहे का, आणि शेवटचा कॉलम 'नेटशिवाय चालतो का'. तो कॉलम आत्ता रिकामा ठेवा. पीएस प्लस (प्लेस्टेशनचं) किंवा गेम पास (एक्सबॉक्सचं) अशा सबस्क्रिप्शनमधले गेम या यादीत घेऊच नका, सबस्क्रिप्शन संपलं की ते गेलेच. दर महिन्याला फुकट मिळाले म्हणून लोक ते स्वतःचे धरतात आणि तिथेच गोंधळ होतो.

यादी करताना बहुतेकांना कळतं की गेम चार-पाच अकाउंटवर विखुरलेत आणि त्यातला एखादा ईमेल कॉलेजच्या काळातला, कधीचा बंद. ते आधी नीट करा. प्रत्येक अकाउंटवर चालू असलेला ईमेल आणि मोबाईल नंबर टाका, टू स्टेप व्हेरिफिकेशन लावा, रिकव्हरी कोड कागदावर लिहून पासपोर्ट वगैरे ठेवता तिथे ठेवा. डिजिटल गेम हातातून जायचं सगळ्यात साधं कारण म्हणजे अकाउंटच हातातून जाणं, स्टोअर बंद पडणं वगैरे त्याच्या नंतर येतं. घरच्यांना पण दाखवून ठेवा, कारण स्टीमचं, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन स्टोअरचं, अकाउंट नियमानं दुसऱ्याच्या नावावर होत नाही, मृत्युपत्रात लिहून पण नाही.

पायरी २: नेट बंद करून खरोखर चालवून बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि लोक हीच करत नाहीत.

पीएस४ किंवा पीएस५, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन कन्सोल, असेल तर सेटिंगमधून इंटरनेट बंद करा, डिस्क टाका, गेम चालू करा. डिजिटल गेमसाठी तो कन्सोल तुमच्या अकाउंटचा प्रायमरी असायला लागतो, पीएस५ वर त्याच सेटिंगचं नाव कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले असं आहे, ते चालू नसेल तर घेतलेला गेम पण कुलूप दाखवतो. नुसता मेनू आला म्हणून थांबू नका, गेमच्या आत जा, थोडं खेळा, सेव्ह करा, बंद करून परत उघडा, कारण काही गेम पहिल्या लेव्हलपर्यंत चालतात आणि मग 'उरलेलं डाउनलोड होऊ द्या' म्हणतात.

पीसीवर स्टीमचे गेम तपासायचे तर जास्त मजा आहे, कारण स्टीमवरच्या बऱ्याच गेमना खरं तर काही कुलूप, म्हणजे परवानगी तपासणारी सोय, नसतंच आणि हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं. स्टीमच्या फोल्डरमध्ये स्टीमॲप्स, त्याच्या आत कॉमन, तिथे गेमचं फोल्डर सापडेल. ते पूर्ण कॉपी करून दुसऱ्या ड्राइव्हवर टाका, स्टीम पूर्ण बंद करा, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आयकॉनवरून पण एक्झिट करा, नेट बंद करा आणि त्या कॉपीतली एक्झी फाइल डबल क्लिक करा. गेम उघडला तर फोल्डर जपून ठेवा, ती तुमची खरी कॉपी. स्टीम स्वतःच उघडायला लागलं किंवा एरर आली तर त्या गेमला स्टीमची परवानगी लागते असं शीटमध्ये लिहा. कॉपी दुसऱ्या पीसीवर नेणार असाल तर व्हिज्युअल सी आणि डायरेक्ट एक्सचे जे छोटे इन्स्टॉलर लागतात ते पण सोबत ठेवा, स्टीम ते कॉमन-रेडिस्ट अशा नावाच्या फोल्डरमध्ये उतरवतो.

स्टीममध्ये बॅकअपचा जो ऑप्शन आहे त्यावर मात्र विसंबू नका, तो बॅकअप परत टाकायला स्टीम आणि तुमचं लॉगिन दोन्ही लागतं. डाउनलोडचा डेटा वाचतो, बाकी काही नाही. आणि स्टीम चालायला तुमचं विंडोज पण पुरेसं नवीन असायला लागतं, १ जानेवारी २०१९ पासून एक्सपी आणि व्हिस्टाचा सपोर्ट गेला, १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ चा पण गेला. जुना गेम ज्या जुन्या मशीनवर सगळ्यात नीट चालतो नेमकं तिथेच स्टोअर चालत नाही, म्हणून कुलूप नसलेल्या गेमची कॉपी वेगळी काढून ठेवण्याला अर्थ आहे.

पायरी ३: डिस्क घेताना डिस्कवर आहे काय ते बघा

बॉक्स हातात आला म्हणजे गेम हातात आला असं राहिलेलं नाही. २०१५ चा 'टोनी हॉक्स प्रो स्केटर ५' घ्या, त्याच्या डिस्कवर पॅचशिवाय (नंतर उतरवायच्या दुरुस्तीशिवाय) ट्युटोरियल आणि पार्क बनवायचा भाग एवढंच चालायचं, बाकी सगळा गेम पहिल्या दिवशीच्या डाउनलोडमध्ये. 'स्पायरो रीइग्नायटेड ट्रिलॉजी'च्या डिस्कचं पण तसंच, तीन गेमचा बॉक्स आणि पुढचे दोन खेळायला डाउनलोड. पीसीच्या बॉक्सचं तर विचारू नका, कित्येक बॉक्समध्ये फक्त स्टीमचा कोड असायचा. 'जीटीए ५' पीसीवर ७ डीव्हीडीत यायचा, पण ॲक्टिव्हेशनला रॉकस्टारचं अकाउंट आणि नेट लागायचंच.

निन्टेन्डोच्या स्विच २ या कन्सोलवर, म्हणजे जून २०२५ पासून, गेम-की कार्ड नावाचा प्रकार आलाय. दिसायला कार्ट्रिज, पण आत गेम नाही, फक्त चावी आहे. पहिल्यांदा पूर्ण गेम डाउनलोड करावा लागतो आणि नंतर पण खेळताना कार्ड आत लागतं. ते विकता येतं, दुसऱ्याला देता येतं हा फायदा खरा, पण डाउनलोड सर्व्हर बंद झाला की नव्या मशीनवर ते कार्ड रिकामं. ओळखायचं कसं, तर बॉक्सच्या पुढच्या बाजूला खालच्या पट्टीत चावीचं चित्र असतं. त्याच स्विच २ वर 'सायबरपंक २०७७' मात्र एक्सपान्शनसकट पूर्ण ६४ जीबी कार्डवर दिलाय. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं आणि अशाच कंपन्यांचे गेम पूर्ण किमतीला घ्यावेत असं मला मनापासून वाटतं.

घेण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, बॉक्सवर 'डाउनलोड आवश्यक', 'इंटरनेट आवश्यक' असं बारीक अक्षरात कुठे लिहिलंय का. दोन, 'डझ इट प्ले' नावाचा एक हौशी लोकांचा उपक्रम आहे, ते लोक डिस्क आणि कार्ट्रिज नेट बंद करून खेळतात आणि निकाल टाकतात, त्यांच्या यादीत गेम शोधा.

आणि घाई नसेल तर थांबा! पहिल्या दिवशीची डिस्क म्हणजे बग असलेलं १.० व्हर्जन. वर्ष-दीड वर्षानं कम्प्लीट किंवा गेम ऑफ द इयर एडिशन आली आणि तिच्यात पॅच, डीएलसी सगळं डिस्कवरच असेल तर जपून ठेवायला ती कॉपी सगळ्यात चांगली आणि बऱ्याचदा स्वस्त पण. पण इथे पण बघून घ्या, काही कम्प्लीट एडिशनमध्ये डीएलसीचा नुसता कोड असतो.

सेकंडहँड डिस्क घेत असाल, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असो की ऑनलाइन, तर रीजन, म्हणजे ती कुठल्या देशासाठीची आहे ते, विचारा. पीएस४, पीएस५ च्या डिस्क कुठल्याही देशाच्या मशीनवर चालतात, पण डीएलसी त्याच रीजनच्या स्टोअरचं लागतं. अमेरिकन डिस्क आणि इंडियन अकाउंटवरून घेतलेलं डीएलसी हे जुळत नाही आणि हे पैसे भरल्यावर कळतं. बॉक्समधला कोड वापरलेला आहे असंच धरून चला.

एक्सबॉक्सवाल्यांनी हे लक्षात ठेवा की जुन्या एक्सबॉक्स ३६० ची डिस्क नवीन एक्सबॉक्समध्ये टाकली तर गेम डिस्कवरून चालत नाही, मशीन पूर्ण गेम नेटवरून उतरवतं आणि डिस्क फक्त पुरावा म्हणून वापरतं. तीच डिस्क जुन्या ३६० मध्ये मात्र थेट चालते. म्हणून जुना ३६० भंगारात देऊ नका. पीएस३ चं तर त्याहून जास्त, पीएस३ च्या डिस्क पीएस४ मध्ये पण चालत नाहीत आणि पीएस५ मध्ये पण नाहीत. डिस्क टिकवायची म्हणजे ती वाचणारं मशीन पण टिकवायचं, हे धरूनच चला.

पायरी ४: पीसीवर गॉगचे इन्स्टॉलर उतरवून ठेवा

गॉगवर गेम घेतला आणि तसाच लायब्ररीत ठेवला तर स्टीमपेक्षा फार फरक नाही, फाइल तुमच्याकडे नसेल तर काय उपयोग. लायब्ररीत गेमवर जाऊन ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर हा भाग शोधा, तिथे एक एक्झी आणि मोठ्या गेमला सोबत काही बिन फाइल असतात, त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये उतरवा. डीएलसीचे इन्स्टॉलर वेगळे असतात, ते विसरले जातात. मॅन्युअल, साउंडट्रॅक असेल तर ते पण घ्या, जागा किती लागते त्याला.

फोल्डरच्या नावात गेमचं नाव आणि व्हर्जन नंबर लिहा. नंतर सहा महिन्यांनी नवीन व्हर्जन आलं तर जुनं लगेच उडवू नका, कधी कधी गाण्यांचे हक्क संपले म्हणून नव्या व्हर्जनमधून गाणीच काढून टाकलेली असतात. फाइल नीट कॉपी झाली का हे बघायला विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही कमांड चालवा, ती फाइलचा ठसा म्हणून अक्षरं-आकड्यांची ओळ देते, आणि आलेले आकडे टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, पुढे कधी शंका आली तर परत चालवून जुळवायचे. निदान एकदा तरी नेट बंद करून त्या कॉपीवरून इन्स्टॉल करून बघा.

ठेवायचं कशावर? मी साधी फिरती हार्ड डिस्क सुचवेन, एसएसडी नाही, कारण एसएसडी वीज न देता बराच काळ पडून राहिली तर तिच्यातला डेटा जाऊ शकतो. दोन हार्ड डिस्क, वेगवेगळ्या कंपनीच्या, एक घरी आणि एक दुसऱ्या घरी, गावाला असेल तर गावाला. वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईला दोन्ही लावून बघायच्या.

पायरी ५: बंद पडत चाललेल्या कन्सोलचं काम आधी उरका

निन्टेन्डोनं ३डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलवरची ऑनलाइन विक्री २७ मार्च २०२३ ला बंद केली. एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं. सोनीनं मार्च २०२१ मध्ये पीएस३ आणि व्हिटा या हातातल्या कन्सोलचं स्टोअर बंद करतो म्हणून सांगितलं, लोक एवढे खवळले की पुढच्याच महिन्यात तो निर्णय मागे घ्यावा लागला. विक्री बंद झाली तरी आधी घेतलेले गेम परत उतरवता येतात, सध्या. पण ती सोय कायमची आहे असं कुणीही लिहून दिलेलं नाही, म्हणून यातलं मशीन कपाटात असेल तर या रविवारीच बाहेर काढा. घेतलेला प्रत्येक गेम उतरवा, डिस्कवाल्या गेमचे अपडेट पण उतरवा, ते सगळे विसरतात.

पीएस४ असेल तर सिस्टीम व्हर्जन ९.०० किंवा पुढचं आहे का बघा. त्याच्या आधी असं होतं की आतली छोटी घड्याळाची बॅटरी संपली की मशीन ऑनलाइन वेळ जुळवल्याशिवाय डिजिटल गेम चालू करायचं नाही, डिस्कच्या गेमला पण अडचण यायची, म्हणजे ज्या दिवशी सर्व्हर जाईल त्या दिवशी सगळे पीएस४ एकेक करून गप्प झाले असते. २०२१ च्या त्या अपडेटनं ते सुधारलं. मशीन कधीच अपडेट न करता ठेवलं असेल तर नेट आहे तोपर्यंत करून घ्या. वेगळा लावायचा डिस्क ड्राइव्ह असलेल्या पीएस५ ला तो ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना नेट लागतं, ते पण आत्ताच उरका.

सेव्ह फाइलची गोष्ट वेगळी आहे. पीएस४ चे सेव्ह पेनड्राइव्हवर घेता येतात, सोपं आहे. पीएस५ च्या गेमचे सेव्ह मात्र एकेक करून पेनड्राइव्हवर जात नाहीत, एक तर पीएस प्लसचं क्लाउड नाही तर पूर्ण मशीनचा बॅकअप. स्विचचे सेव्ह मशीनच्या आत असतात, मेमरी कार्डवर जात नाहीत, त्यामुळे मेमरी कार्ड वाचलं म्हणून प्रोग्रेस वाचला असं समजू नका. जुन्या गेमबॉय कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवायला आत बारीक सेल असतो, 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये घड्याळ पण त्याच सेलवर चालतं म्हणून तो लवकर संपतो. सेल बदलायला काढला की सेव्ह जातो, म्हणून आधी सेव्ह काढून घेणारं कार्ट्रिज रीडर मिळवा आणि मगच दुरुस्तीवाल्याकडे द्या.

पायरी ६: डिस्क आणि कार्ट्रिज आपल्या हवेत कसे ठेवायचे

मुंबई, कोकण, गोवा, जिथे पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते तिथे डिस्कला आणि बॉक्समधल्या कागदाला पण येते. प्लॅस्टिकचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलणाऱ्या मिळाल्या तर उत्तम. पुड्या जूनच्या आधी एकदा आणि पावसाळ्यात मधे एकदा बदला. डिस्क उभ्या ठेवायच्या, बॉक्समध्येच, कापडी पाऊचमध्ये नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, ओल तिथूनच येते, आणि ऊन पण नको.

पीएस१ च्या काळातल्या सीडीमध्ये डेटाचा थर वरच्या, म्हणजे छापील बाजूला अगदी जवळ असतो, म्हणून लेबलच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. त्या बाजूला स्टिकर लावू नका, पेननं नाव लिहू नका. डीव्हीडीत थर दोन प्लॅस्टिकच्या मधे असतो, जरा सुरक्षित. ब्लू रे मध्ये तो वाचायच्या बाजूला फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, वर कडक कोटिंग असतं खरं, पण ते कोटिंग फाटलं की पॉलिश करून डिस्क वाचत नाही. दुकानदार पॉलिश करून देतो म्हणाला तर सीडी, डीव्हीडीपुरतं ठीक, पीएस३ पासून पुढच्या डिस्क देऊ नका. पुसताना मऊ मायक्रोफायबर कापड, मधून बाहेर सरळ रेषेत, गोल गोल नाही. सेकंडहँड सीडी विकत घेताना ट्यूबलाइटसमोर धरा, टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर थर उडालाय, घेऊ नका.

पायरी ७: पुढचा गेम कुठे घ्यायचा

एकट्यानं खेळायचा, गोष्टीचा गेम आणि पीसी असेल तर आधी गॉगवर बघा. तिथे नसेल तर स्टीमवर सेलमध्ये, आणि घेतल्यावर वरची एक्झीची टेस्ट. कन्सोल असेल तर पूर्ण गेम असलेली डिस्क. गाड्यांचे, सिनेमांचे, खेळाडूंचे लायसन्स असलेले गेम लवकर हटवले जातात, 'फोर्झा होरायझन ४' १५ डिसेंबर २०२४ ला विक्रीतून गेला, 'स्कॉट पिलग्रिम'चा गेम २०१४ च्या शेवटी गायब झाला तो थेट जानेवारी २०२१ ला परत आला. असे गेम आवडत असतील तर 'नंतर घेऊ' करू नका.

नुसते ऑनलाइन गेम, ज्यांना सर्व्हर लागतोच, त्यांची डिस्क घेऊन जास्त पैसे घालवू नका. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद, तिथे निदान पैसे परत मिळाले. अशा गेमवर खर्च करायचाच तर त्या महिन्याच्या करमणुकीचा खर्च म्हणून करा.

कंपन्यांनी गेम बंद करताना तो ऑफलाइन चालेल असा करून द्यावा म्हणून यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली, युरोपियन युनियनमधल्या तिच्या अर्जावर १० लाखांच्या वर सह्या झाल्या. माझा याला पूर्ण पाठिंबा आहे, कारण अमेरिकेत व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली तर २०१० च्या आधी तिथे आलेले ८७ टक्के जुने गेम आज कायदेशीरपणे विकत मिळतच नाहीत असं निघालं. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदा आहे की डिजिटल वस्तू विकताना हे फक्त लायसन्स आहे असं स्पष्ट सांगायचं, स्टीमनं ती सूचना त्याच्या आधीच कार्टमध्ये लावली.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली कायदेशीर कॉपी असलेल्या माणसाला प्रोग्रामचा बॅकअप काढायची मुभा आहे, मूळ कॉपी हरवली, खराब झाली तर म्हणून. पण २०१२ ला आलेलं ६५ए कलम कुलूप तोडण्याबद्दल आहे, म्हणून मी वर फक्त कुलूप नसलेल्या गेमच्या कॉपीचंच सांगितलंय.

पायरी ८: स्टोअर बंद होणार अशी बातमी आली तर

मुदत बहुतेक वेळा महिन्यांची असते, पण पैसे भरायचे रस्ते आधी बंद होतात. ३डीएस आणि वी यू ला विक्री मार्च २०२३ पर्यंत होती, पण क्रेडिट कार्डनं पैसे टाकायची सोय २३ मे २०२२ लाच गेली आणि गिफ्ट कार्ड टाकायची २९ ऑगस्ट २०२२ ला. आपल्याकडे निन्टेन्डोचं अधिकृत स्टोअर नसल्यामुळे लोक दुसऱ्या देशाच्या अकाउंटवर गिफ्ट कार्ड टाकूनच घेतात, त्यांना तर ही दुसरी तारीख सगळ्यात महत्त्वाची. म्हणून बातमी आली की पहिल्यांदा वॉलेटमध्ये लागतील तेवढे पैसे टाका. मग जे फक्त डिजिटलच आलं आणि दुसऱ्या कुठल्या मशीनवर मिळत नाही ते घ्या, मग आधीच्या गेमचे डीएलसी, आणि डिस्कवर मिळणारे गेम सगळ्यात शेवटी, ते नंतर सेकंडहँड मिळतील. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, सर्व्हरवर तेव्हा गर्दी असते. मोठं मेमरी कार्ड आधीच आणून ठेवा, आणि सगळं उतरलं की नेट बंद करून पायरी २ परत करा.